आवाजाला जाग कोण आणतं, आणि ती जाग कोण तपासतं?

तुमच्यापैकी बऱ्याच जणी हे भाषण मोबाईलवरच ऐकत असाल. बटण दाबलं आणि माझा आवाज आला. मध्ये पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ गेला. पण तेवढ्या वेळात तुमच्या हातातल्या डबीत बरंच काही घडलं. आवाजाचं काम करणारा एक बारकासा कारागीर आत झोपलेला होता. त्याला वीज दिली गेली, तो खरंच उठला का ते पाहिलं गेलं, त्याला काम समजावलं गेलं, आणि मग स्पीकर उघडला गेला. हे सगळं कुणीतरी आधी लिहून ठेवलेल्या हुकमांप्रमाणे झालं. ते हुकूम बरोबर आहेत का, हे दुसऱ्याच कुणीतरी, बहुतेक दुसऱ्याच देशात बसून, ओळ न् ओळ वाचून तपासलं होतं. आज मी त्या कारागिराची आणि त्या तपासणाऱ्यांची गोष्ट सांगणार आहे. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण घाबरू नका. बचत गटाचं रजिस्टर ज्यांनी एकदा तरी तपासलंय, त्यांना यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे.

सुरुवात आपल्याच भागापासून करू. बिलोली निजामाच्या राज्यात होती तेव्हाची ही गोष्ट. १९३५ साली हैदराबादला सरकारी 'डेक्कन रेडिओ' सुरू झाला. त्या केंद्राची ताकद होती २०० वॅट, म्हणजे आज घरातले तीन-चार पंखे चालतील एवढी. रेडिओ असणारी घरं बोटावर मोजण्याइतकी. जिथं होता तिथं तो लाकडी पेटीसारखा, आणि आत काचेचे व्हॉल्व्ह. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. व्हॉल्व्हमधली तार आधी तापून लाल व्हायची, तिला पंधरा-वीस सेकंद, कधी अर्धा मिनिट लागायचा. मग हळूहळू खरखर, आणि खरखरीतून माणसाचा आवाज. जुनी माणसं म्हणायची, 'थांब, रेडिओ तापू दे.' चूल पेटल्याशिवाय भाकरी टाकता येत नाही, तसंच ते.

म्हणजे आवाज काढणाऱ्या यंत्राला जागं व्हायला वेळ लागतो, ही गोष्ट तेव्हा डोळ्यांना दिसत होती. व्हॉल्व्ह लाल झालेला दिसायचा. आज ती दिसत नाही, पण गेलेली नाही.

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ एप्रिल १९५० पासून डेक्कन रेडिओ आकाशवाणीकडे गेला. १९५६ साली आपला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. त्याच वर्षी पुण्याच्या आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला होता, तो मला फार आवडतो. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. गावात एक गट, गटाला एक रेडिओ. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतीवरचे वीस कार्यक्रम झाले. गटानं एकत्र बसून ऐकायचं, ऐकल्यावर चर्चा करायची, आणि शंका, चुका, प्रश्न पुण्याला लिहून कळवायचे. सांगणाऱ्याला उलट विचारण्याची सोय त्यात होती. ही उलट विचारण्याची सवय ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग ट्रान्झिस्टर आला. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९४७ साली त्याचा शोध लागला, आणि साठ-सत्तरच्या दशकात तो आपल्या बांधावर पोचला. पोस्टात लायसन्स काढायचं, टॉर्चचे सेल टाकायचे आणि झालं. ट्रान्झिस्टरला तापावं लागत नाही, बटण दाबताच बोलतो. वाट पाहणं संपलं, आणि त्याबरोबर आत काय चाललंय याची जाणीवही संपली.

आता खरा बदल. जुन्या रेडिओत आवाज म्हणजे विजेची लहर होती, नदीच्या पाण्यासारखी अखंड. नव्या यंत्रात आवाज म्हणजे आकडे. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाचा आवाज एका सेकंदात आठ हजार वेळा मोजतात, आणि गाण्याच्या सीडीवर ४४ हजार १०० वेळा. प्रत्येक मोजणीचा एक आकडा. आता एवढे आकडे तारेतून पाठवायचे कसे? या प्रश्नावर बेल लॅबमध्ये काम करणाऱ्यांत आपल्याच देशात जन्मलेले एक शास्त्रज्ञ होते, बिष्णू अटल. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसाचा आवाज मनाला येईल तसा उड्या मारत नाही, मागच्या आकड्यांवरून पुढचा आकडा बराचसा ओळखता येतो. मग सगळे आकडे कशाला पाठवायचे? अंदाज कुठं चुकला तेवढंच पाठवा. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ही पद्धत मांडली, आणि १९८५ मध्ये सहकाऱ्याबरोबर ती आणखी पुढं नेली. आज मोबाईलवर लेकीशी बोलताना जो आवाज येतो, तो याच विचाराच्या पोटी जन्मलेल्या पद्धतींनी दाबून, आवळून आलेला असतो.

पण अंदाज बांधायचा म्हणजे सेकंदाला लाखो गुणाकार आणि बेरजा. कॉम्प्युटरचा मुख्य मेंदू ते करू शकतो, पण त्यात त्याची ताकद आणि बॅटरी दोन्ही जाते. म्हणून या एकाच कामाचा वेगळा कारागीर बनवला गेला. १९७८ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीनं लहान मुलांना स्पेलिंग शिकवणारं एक बोलकं खेळणं बाजारात आणलं. त्यात आवाज तयार करणारी चिप होती, आणि ती अंदाजाच्याच पद्धतीवर चालत होती. पुढं १९८० च्या दशकात याच कामाच्या चिप सर्रास मिळू लागल्या. त्यांना डीएसपी म्हणतात. मुख्य मेंदू म्हणजे घरची कर्ती बाई असं धरलं, तर डीएसपी म्हणजे लग्नकार्यात फक्त पोळ्या लाटायला बोलावलेली बाई. तिला बाकी काही विचारू नका, पण पोळ्यांत तिचा हात कुणी धरू शकत नाही.

मोबाईलच्या खोक्यावर 'ऑक्टा-कोअर' असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. कोअर म्हणजे काम करणारा एक एक मेंदू, आठ कोअर म्हणजे आठ मेंदू. हे झाले मुख्य. खोक्यावर ज्यांचं नाव नसतं असे आवाजाचे कोअर आत आणखी असतात. कधी एक, कधी दोन, काही लॅपटॉपमध्ये चारसुद्धा. आणि हे बहुतेक वेळ झोपलेले असतात. झोपलेच पाहिजेत. आपल्याकडं उन्हाळ्यात लाईट किती वेळ असते हे मी सांगायला नको. रिकामा बसलेला कोअर जागा राहिला, तर सकाळी भरलेली बॅटरी दुपारीच संपेल.

आता त्यांना उठवायचं कसं? इथं क्रम महत्त्वाचा. मंडपात साऊंड लावणाऱ्या पोराला विचारा. तो आधी मिक्सर चालू करतो आणि अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. बंद करताना उलट, आधी अॅम्प्लिफायर बंद करतो. असं का? क्रम चुकला तर स्पीकरमधून 'ठप्प' असा आवाज येतो, आणि एखादे वेळी स्पीकर फाटतो. मोबाईलच्या पोटातही अगदी हाच नियम आहे. हेडफोन कानात असताना तो ठप्प आला तर कान दुखतो. म्हणून आधी वीज, मग ठोका देणारं घड्याळ, मग आकड्यांचा आवाज करणारा भाग, आणि कानाजवळचा शेवटचा भाग अगदी शेवटी.

हा क्रम यंत्राला सांगणाऱ्या हुकमांच्या वहीला ड्रायव्हर म्हणतात. जीपचा ड्रायव्हर गाडी हाकतो, हा चिप हाकतो. तुमच्याकडं अँड्रॉइड फोन असेल तर त्याच्या तळाशी लिनक्स नावाची प्रणाली आहे. लिनस टोरवाल्ड्स हा फिनलंडमधला एकवीस वर्षांचा विद्यार्थी, त्यानं १९९१ साली ती सुरू केली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. कुणीही वाचावी, कुणीही सुधारावी. आवाजाचा भाग १९९८ साली यारोस्लाव किसेला या चेक माणसानं हाती घेतला. तो स्वतःच्या साऊंड कार्डसाठी ड्रायव्हर लिहीत होता, त्यातून वाढत वाढत तो लिनक्सचाच आवाज झाला. हे सगळं टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी होतं, त्याला विजेची फारशी फिकीर नव्हती. खिशातल्या यंत्रांसाठी वेगळी मांडणी झाली ती एडिंबराच्या वुल्फसन कंपनीतल्या लियाम गर्डवुड आणि सोबत्यांच्या कामातून, २००७ च्या सुमारास. त्यांचा विचार फार शहाणा होता. आवाज कुठून निघून कुठं जातोय ती वाट बघा, आणि वाटेवर जे आहेत तेवढ्यांनाच वीज द्या. बाकीचे झोपू देत. स्वयंपाकघरात भाजी चालली आहे म्हणून न्हाणीघरातला दिवा लावत नाहीत, तसं.

आता मुद्द्यावर येते. असा ड्रायव्हर कुणी लिहिला, तर तो लगेच लिनक्समध्ये घेत नाहीत. आधी तो सगळ्यांसमोर मांडावा लागतो. ईमेलनं, उघडपणे. मग ज्यांना त्यातलं कळतं ते वाचतात आणि ओळीखाली ओळ लिहून विचारतात, हे असं का, ते तसं झालं तर काय. गटाच्या बैठकीत लेखापाल ताई हिशेब वाचून दाखवतात आणि बाकीच्या 'थांबा, मागच्या महिन्याचा हप्ता कुठंय?' म्हणतात ना, तेच. कोअरला वीज देण्याचे हुकूम तपासताना काय काय पाहतात, ते मी जरा सविस्तर सांगते, कारण खरी गंमत तिथं आहे.

पहिली गोष्ट. चिपमध्ये प्रत्येक कोअरसाठी दोन खुणा असतात. एक मागणीची, दुसरी मिळाल्याची. ड्रायव्हर मागणीची खूण करतो, 'या कोअरला वीज द्या'. वीज खरंच पोचली की चिप स्वतः दुसरी खूण करते. कच्चा लिहिणारा पहिली खूण करून लगेच पुढं जातो. तपासणारा तिथंच बोट ठेवतो. सिलिंडर नोंदवला म्हणजे सिलिंडर घरात आला असं होत नाही. दुसरी खूण दिसेपर्यंत थांबलंच पाहिजे.

पण किती वेळ थांबायचं? ही झाली पुढची शंका. कोअर बिघडला असेल आणि खूण कधीच आली नाही, तर ड्रायव्हर तिथंच बसून राहील, आणि त्याच्यामागं सगळा फोन अडकेल. म्हणून थांबण्याला मुदत घालावी लागते. मुदत संपली की 'उठला नाही' अशी नोंद करायची, आणि आत्तापर्यंत जे जे चालू केलं ते उलट्या क्रमानं बंद करून परत यायचं. हे उलटं आवरणं लोक फार विसरतात. सगळं सुरळीत झालं तर काय करायचं ते प्रत्येक जण नीट लिहितो. मधेच बिनसलं तर काय, ही पानं घाईत लिहिलेली असतात. मुरलेला तपासनीस आधी तीच पानं उघडतो.

मग झोपेतून ओढून काढण्याची पद्धत. वीज मिळाली म्हणून कोअरला मोकळं सोडायचं नाही. त्याला आधी धरून ठेवायचं, त्याचं काम, म्हणजे फर्मवेअर, त्याच्या पाटीवर उतरवायचं, मग सोडायचं. सोडल्यावर त्यानं 'मी तयार आहे' असा निरोप द्यायचा. चार कोअर असतील तर आधी मोठा उठतो, धाकट्यांना गरजेपुरतं उठवतात. झोपताना धाकटे आधी, मोठा शेवटी. मोठाच आधी झोपला तर धाकट्यांना सांगणार कोण?

आणि सगळ्यात चिवट गोष्ट म्हणजे मोजणी. समजा एका कोअरचं काम दोघांना हवंय. तुम्ही गाणं ऐकताय, आणि तेवढ्यात कुणाचा तरी व्हॉइस मेसेज आला. मेसेज ऐकून झाला म्हणून कोअरची वीज तोडली, तर गाणंही बंद पडेल. म्हणून किती जणांना हा कोअर हवा आहे याचा आकडा ठेवतात. कुणी मागितला की एक वाढवायचा, कुणी सोडला की एक कमी करायचा, शून्य झाला की झोपवायचा. समाजमंदिरातला दिवा शेवटच्या बाईनं विझवायचा, पहिली उठली म्हणून नाही.

या मोजणीत लिनक्सच्या इतिहासातली एक मासलेवाईक चूक झाली. यंत्राचा एखादा भाग उठवण्यासाठी सगळ्या ड्रायव्हरांना वापरायला एक तयार हुकूम होता. तो हुकूम आधी आकडा एकनं वाढवायचा आणि मग उठवायचा प्रयत्न करायचा. आता तो भाग उठलाच नाही, तरी वाढवलेला आकडा तसाच राहायचा. लिहिणाऱ्याला वाटे, उठला नाही तर कमी कशाला करायचं? तो तसाच परत फिरायचा. मग आकडा पुन्हा कधी शून्यावर येतच नसे. म्हणजे वहीत एक बाई कायमची बैठकीत बसलेली, प्रत्यक्षात खोली रिकामी, आणि दिवा जळतोय. ही चूक एकाच्या हातून झाली नाही, कित्येक ड्रायव्हरांत तीच होती, वर्षानुवर्षं. आवाजाच्या ड्रायव्हरांतही होती. २०२० मध्ये लोकांनी ती शोधून शोधून दुरुस्त केली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी एक नवा हुकूम बनवला, जो उठवणं फसलं तर आकडा आपणहून परत कमी करतो. मला यातलं हे पटलं की शेकडो माणसांना 'नीट लक्ष द्या' असं सांगत बसण्यापेक्षा त्यांनी वहीचा रकानाच बदलला. आपल्या गटाच्या रजिस्टरमध्ये एकच चूक तीन गटांत दिसली, तर दोष लिहिणाऱ्या बाईचा नसतो, छापील नमुन्याचा असतो.

दुसऱ्यानं वाचून तपासण्याची ही पद्धत लिनक्सवाल्यांनी शोधली असं नाही. अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीतल्या मायकेल फेगन यांनी १९७६ साली ती नियमांत बांधून छापली. थोडी माणसं बसवायची, त्यातला एक जण बैठक चालवणारा. हुकूम वाचत जायचे आणि फक्त चुका शोधायच्या. तिथंच बसून दुरुस्त करायच्या नाहीत, नाहीतर वेळ वाद घालण्यात जातो. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली होती. सापडलेल्या चुकांवरून लिहिणाऱ्याची लायकी ठरवू नका. तसं केलंत तर पुढच्या वेळी कुणी आपली चूक दाखवूच देणार नाही.

लिनक्सनं ती बैठक बंद खोलीतून चव्हाट्यावर आणली. २००३ साली एका कंपनीनं कोर्टात दावा लावला की लिनक्समध्ये आमचा माल घुसवला आहे. त्या भानगडीनंतर, २००४ पासून, प्रत्येक बदलाखाली सही लागते. हे मी लिहिलं आहे किंवा देण्याचा मला हक्क आहे, असं नावानिशी लिहायचं. पुढं तपासणाऱ्याचं नाव आणि चालवून पाहणाऱ्याचं नावही त्याखाली येऊ लागलं. आज एखाद्या आवाजाच्या कोअरला वीज देणारी ओळ उघडली, तर ती कुणी लिहिली, कुणी वाचली, कुणी मंजूर केली, हे कुणालाही पाहता येतं. बिलोलीतूनही पाहता येतं. इंग्रजी आणि थोडा धीर लागतो.

या कहाणीला एक कडू बाजूही आहे. वर्षानुवर्षं त्या ईमेलांमधली भाषा फार खडूस होती. खुद्द टोरवाल्ड्सच लोकांना घालूनपाडून बोलत. चांगलं काम करणारी माणसं त्यामुळं निघून गेली, बायका तर मुळात आल्याच कमी. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली, काही दिवस कामातून बाजूला झाले, आणि लिनक्सनं वागणुकीचे नियम लिहून स्वीकारले. काही जण तेव्हा म्हणाले, आता तपासणी मऊ होईल. मला ते पटत नाही. 'हप्त्याची पावती कुठंय?' हा प्रश्न कडकच आहे, पण तो विचारताना कुणाच्या सासरचा उद्धार करावा लागत नाही.

बायकांना आत आणायचे प्रयत्न आधीपासून चालू होते. २०१० पासून आउटरीची नावाचा उपक्रम चालतो. निवड झालेल्यांना घरबसल्या, पगार घेऊन, अनुभवी माणसाच्या हाताखाली अशा खुल्या कामात शिकता येतं. २०१३ पासून लिनक्सचा गाभाही त्यात आहे, आणि भारतातून अनेक मुली त्यात गेल्या आहेत. लिनक्सच्या गाभ्यावर मोठ्या जबाबदारीचं काम करणाऱ्या शुआह खान या बाई आहेत, आणि नवशिक्यांना वाट दाखवण्याचं कामही त्या करतात. ज्यांच्या मुली नांदेडला किंवा लातूरला कॉम्प्युटर शिकताहेत त्यांनी हे नाव घरी सांगावं. असं काम सुरू करायला पुण्याला खोली घ्यावीच लागते असं नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ती तुमच्या-माझ्या घरातली आहे. आवाजाचे कोअर झोपलेले असतात असं मी म्हटलं. २०१३ मध्ये मोटो एक्स नावाचा फोन आला, त्यात एक बारका कोअर मुद्दाम जागा ठेवलेला होता. पडदा बंद, बाकी सगळे झोपलेले, हा एकटा अगदी थोड्या विजेवर माईकला कान लावून बसलेला. ठरलेला शब्द ऐकला की हा बाकीच्यांना उठवणार. पुढं ही सोय बऱ्याच फोनमध्ये आली. 'ओके गूगल' म्हटलं की फोन बोलतो, तो याच राखणदारामुळं.

सोय चांगली आहे. ज्या आजीला टाईप करता येत नाही ती बोलून नातवाला फोन लावते. पण राखणदार कधी कधी चुकून भलत्याच शब्दाला उठतो, आणि मग जे बोलणं चाललं असेल त्याचा तुकडा कंपनीकडं जातो. २०१९ साली वर्तमानपत्रांतून बाहेर आलं की गूगल आणि अॅपलच्या अशा ध्वनिफिती तपासण्यासाठी माणसं ऐकत होती, आणि त्यात चुकून टिपलेली खासगी बोलणीही होती. दोन्ही कंपन्यांना तेव्हा ते काम थांबवावं लागलं, नियम बदलावे लागले.

म्हणून कोण कुणाला कधी उठवतं, हे हुकूम कोण वाचू शकतं, हा प्रश्न बॅटरीपुरता राहत नाही. ड्रायव्हर खुले असतात, पण कोअरच्या पाटीवर उतरवलेलं फर्मवेअर बहुतेक कंपन्या बंद ठेवतात. ते कंपनीबाहेरच्या कुणाला वाचता येत नाही. २०१८ मध्ये इंटेल कंपनीनं आणि लिनक्सवाल्यांनी मिळून आवाजाच्या कोअरचं खुलं फर्मवेअर सुरू केलं, त्याचं नावच साऊंड ओपन फर्मवेअर. आज बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते चालतं. आपल्या हातातल्या बहुतेक फोनमध्ये मात्र अजून बंदच माल आहे. तिथं मोजणीतली ती जुनी चूक असली, दिवा जळत राहिला, तरी बाहेरचा कुणी वाचून सांगू शकत नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. फोनच्या सेटिंगमध्ये गूगलच्या भागात 'व्हॉइस मॅच' शोधा, आणि गरज नसेल तर बंद करा, म्हणजे राखणदाराची नोकरी संपली. अॅपच्या परवानग्यांमध्ये 'मायक्रोफोन' उघडून पाहा. टॉर्चच्या किंवा खेळाच्या अॅपला माईक कशाला लागतो? नव्या अँड्रॉइडमध्ये, २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून, एखादं अॅप माईक वापरत असेल तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. पुढच्या बैठकीत कर्जाचं, घरातल्या भांडणाचं, कुणाच्या लेकीच्या सोयरिकीचं बोलणं निघेल तेव्हा सतरंजीवर ठेवलेले फोन एकदा उचलून पाहा, आणि ठिपका दिसला तर कोणत्या अॅपचा आहे ते त्याच्यावर बोट ठेवून विचारा.